एकाच ढिगातल्या लेंड्या

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या बाकीच्या सगळ्या फजित्या तोंडपाठ आहेत. वडवणीच्या बाजारात बोकड समजून शेळीचा भाव केला होता, तेसुद्धा ती पाहुण्यांना रंगवून सांगते. ही एवढी एकच फजिती मी घरी नेली नाही. कारण ही फजिती नव्हेच.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि काळविटांच्या लेंड्या गोळा करू लागलो. हसा. माळावरचे लोकही हसायचे. पण जनावराला हातही न लावता ते किती धास्तावलंय, हे लेंडीवरून कळतं — भ्यायलेल्या जिवाच्या अंगात जे संप्रेरक वाढतं, त्याचा अंश तिच्यात उतरतो. दुर्बीण लावून बसायचं, जनावर पुढे सरकलं की ताजी लेंडी स्पिरिटच्या बाटलीत, वर चिठ्ठी: कुठे, नर की मादी. एका जनावराची एकच बाटली. हा नियम मीच सगळ्यांना बजावायचो — मीच!

माळाच्या एका कडेला खडी क्रशर होता. उरलेल्या गवतावर दुसरा यायचा होता. पहिल्या क्रशरजवळ चरणारा कळप भेदरलाय का, एवढंच आमच्या पाहणी पथकानं सांगायचं, आणि त्यावर परवानगी ठरणार.

आता कुत्री. क्रशरवर पाच-सहा मोकाट कुत्री होती. पहिल्याच सकाळी ती माझ्या मागे लागली आणि मी पळालो — पिशवी टाकून, एक बूट टाकून — थेट बाभळीवर. एम.एस्सी., प्रथम श्रेणी, बाभळीवर! काटे कुठे कुठे रुतले, ते विचारू नका. माळावर मेंढरं राखणाऱ्या सोजरआक्कानं काठी उगारून कुत्री हाकलली.

"उतरा आता, लेंडीवाले सर. गेली ती."

"भ्यालो नव्हतो, आक्का. वरून कळप दिसतो का बघत होतो."

"एका बुटावर?" ती हसली. मग म्हणाली, "उद्या मी येते संगं. माझी काठी वळखत्यात ती."

मी नको म्हणालो. का? — एका बाईच्या काठीआड चालायची लाज वाटली, दुसरं काय.

क्रशरपासून लांब, आक्काच्या मेंढवाड्याजवळ एक म्हातारा काळवीट असायचा. नर आपल्या हद्दीत रोज एकाच जागी लेंड्या टाकतो. त्याचाही ढीग होता. माणसांना, मेंढरांना सरावलेला, अगदी निवांत गडी. चार सकाळी मी त्या ढिगाशी बसलो आणि सगळ्या बाटल्या तिथेच भरल्या. चिठ्ठ्या लिहिल्या — क्रशरजवळ, मादी. क्रशरजवळ, मादी. क्रशरजवळ, पाडस. त्या म्हाताऱ्याला मी अख्खा कळप केला. तेव्हा मला त्याचं हसूही आलं होतं, हेही सांगून टाकतो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: कळप निर्धास्त आहे. दुसरा क्रशर सुरू झाला, भोवती काटेरी तार आली. आणि एका सकाळी आक्कानं फोन करून बोलावलं.

कुत्र्यांनी पिटाळलेली मादी तारेत अडकून पडली होती. गाभण होती. डोळे उघडेच. मी त्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला बाभळीवरचा मी आठवलो — तीच कुत्री, तीच धडधड. मला चढायला झाड होतं. ज्या भीतीचं माप घ्यायला मला पाठवलं होतं, ती मला आधीच ठाऊक होती. किती नीट ठाऊक होती!

कळप पुढे त्या माळावर दिसला नाही. म्हातारा काही दिवस होता, मग तोही गेला. मी मात्र अधूनमधून जातो. त्याच्या ढिगावर हात ठेवून बघतो. कोरडा असतो.

त्या सकाळी आक्का मादीच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत होती. वर न बघता तिनं विचारलं, "सर, तुमच्या बाटल्यांत ह्यांचं भ्या दिसलं न्हाई का?"

"नाही दिसलं, आक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मग मिशनीलाच कळलं नसंल," म्हणाली, आणि तार सोडवायला मला हात लावायला सांगितलं.