अठ्ठ्याऐंशीला आठ अक्षरं

आमच्या चर्चमधली स्तोत्रांची पुस्तकं फार जुनी आहेत. आतला मजकूर मराठी, पण प्रत्येक स्तोत्राच्या डोक्यावरचा आकडा रोमन. परवाच्या रविवारी फळ्यावर ८८ लिहिलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या मार्थाबाई एरवी मला कोपर लावून पान विचारतात. परवा मात्र त्यांनी स्वतःच पान उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणायला लागल्या. मी डोकावून पाहिलं. LXXXVIII च्या शेजारी पेन्सिलीनं ८८ लिहिलेलं होतं. पहिल्या स्तोत्रापासून नव्वदाव्यापर्यंत त्यांनी असेच आकडे घातले होते.

उपासना संपल्यावर चर्चच्या एका पंचांनी ते पाहिलं.

"मार्थाबाई, पवित्र पुस्तकात रेघोट्या मारता?"

बाई वरमल्या. "खोडून टाकते, साहेब."

माझं डोकंच फिरलं. ही बाई रोज अख्खं वर्तमानपत्र वाचते आणि इथे इतकी वर्षं अडाण्यासारखी बसत आली. पन्नास, त्यात तीस, वर पाच, वर तीन, ही बेरीज होईस्तोवर मंडळी अर्धं स्तोत्र म्हणून मोकळी! देवाचा शब्द आमच्या भाषेत आणलात, मग दाराला हे परकं कुलूप कशाला? एका अठ्ठ्याऐंशीला आठ अक्षरं! रेघोट्या छापणाऱ्यानं मारल्यात. बाईंनी फक्त आकडा लिहिला.

दीडशेतली साठ स्तोत्रं अजून उरलीत. पुढच्या रविवारी मी लवकर जाणार आहे. पेन्सिल नाही, पेन घेऊन.