गार जखम

डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा सरूच्या पायाचं कातडं पट्टीबरोबरच निघून आलं. खाली काळं मांस. ती ओरडली नाही, शुद्धच नव्हती. मी म्हणाले, "कालपातूर जखम गार हुती, डॉक्टरसाहेब. सूज न्हाय, पू न्हाय." बारामतीच्या दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, यांना कसल्या गोळ्या चालू होत्या?"

सरू माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन महिना झाला. कळंबला आम्ही दोघींनी जन्मभर एका चुलीवर रांधलं. ती कामाला खमकी, तोंडाने फटकळ, आणि चहात साखर चोरून जास्त घालायची. माणूस मेलं की त्याला नुसतं गुणाचं करून टाकतात, म्हणून सांगते.

गुडघे दोघींचेही गेले होते. बाजारात एक जण कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या विकायचा. दोन दिवसांत गुडघा मोकळा. वर्षभर दोघींनी खाल्ल्या. सरूचं तोंड गोल झालं, तर बायका म्हणायच्या, "तब्येत सुधारली की!" ती खूश.

मग वांग्याच्या रानात तिच्या पायात काटा मोडला. तो मीच काढला. आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. मेंढराच्या जखमेला पालथा हात लावून बघायचं, हे सासऱ्यांनी शिकवलेलं. गरम लागली तर चिघळली, गार लागली तर भरतेय. तसाच मी रोज सरूच्या पायाला हात लावायचे.

"आक्का, मला मेंढरू समजलीस व्हय?"

"मेंढरू बरं, गप तरी बसतं. गार हाय. भरतीया."

"आतनं ठणकतंय गं. दवाखान्यात जाऊया का?"

"एवढ्याशा काट्याला?"

चार दिवसांनी ती उठेना, तेव्हा पोस्टातून फोन करून जीप मागवली.

मी बाजारातल्या गोळ्यांचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी मला समजेल असं उलगडून सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेपाशी आल्या की शिरेच्या आतल्या बाजूला चिकटतात, मग बाहेर पडून जंतूंशी भिडतात. त्या भिडतात म्हणून जखम सुजते, तापते. या गोळ्यांत स्टेरॉइड असतं, त्याने पेशी चिकटतच नाहीत, तशाच पुढे वाहून जातात. वरून कातडं शांत, आत विष पसरत जातं... मी पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. तीन दिवस तिच्या उशाशी बसले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझ्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केल्या. आता भिंत धरून चालते. सरू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होती. मी आहे.