कुरुंदवाडचा माळा आणि माझ्या घरचा कट्टा

माझा पुतण्या निनाद याने त्याच्या या ब्लॉगवर माझ्या कुरुंदवाडच्या प्रवासाची हकीकत लिहिली आहे. तीतील शुद्धलेखनाच्या चुका मी सोडून देतो. परंतु ‘पत्नीच्या निधनाने खचलेल्या काकांना आत्याने एकच वाक्य ऐकवले आणि काका त्याच दिवशी सावरले’ हे विधान राहू देता येत नाही. निनाद माझ्याबरोबर नव्हता. असे वाक्य कुणी उच्चारले नाही, आणि मी त्याच दिवशी सावरलोही नाही. दुरुस्तीसाठी त्यानेच मला ही जागा दिली, हा त्याचा मोठेपणा.

खरी गोष्ट अशी. हिवाळ्यात सुमन गेली. तेव्हापासून कोल्हापुरातील आमचे घर कुलूपबंद होते आणि मी उचगावला निनादकडे राहत होतो. एकदोनदा किल्ली लावली, उंबरठ्यावरूनच परतलो. अखेर घर विकावे असे मनाशी ठरले. मात्र त्यापूर्वी कुरुंदवाडला माझ्या धाकट्या बहिणीला, ताराला, भेटावेसे वाटले. कृष्णेचे पाणी तिच्या घरात शिरते, आणि तरीही ती दर वेळी त्याच घरात परतते. हे बळ जन्मजात असते की कमावता येते, एवढे मला विचारायचे होते.

कोल्हापूरहून इचलकरंजीमार्गे एसटीने जावे. सकाळची गाडी बरी. दुपारी उन्हाने पत्रा तापतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पडत नाही, मात्र आधारकार्ड हाताशी ठेवावे. माझे चष्म्याच्या घरात सापडेपर्यंत वाहक उभाच होता.

“दावा की पावणं, का इचलकरंजी आल्यावर दावताय?”

शेजारचा गृहस्थ म्हणाला, “कुरुंदवाडला निगालाय न्हवं? मग वांगी घेतल्याबिगर माघारी येऊ नगा.” सल्ला उत्तम होता. शिवाय नदीपलीकडच्या वाडीची कवठाची बर्फी घ्यावी आणि तिथला संगमाचा घाट ऊन चढण्याआधी पाहावा.

तारा दारात स्वागताला उभी नव्हती. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच राहते. त्या दिवशी तिने कंबर बांधली होती. पावसाळ्यापूर्वी सामान माळ्यावर चढवण्याचा तिचा शिरस्ता आहे, पूर येवो वा न येवो. चढावरच्या घरातील तिची मैत्रीण महादेवीअक्का शिडी धरून उभ्या होत्या.

“आण्णा, हुबा काय ऱ्हायलास? धर की ट्रंकंचं ते टोक!”

मी टोक धरून शिडी चढलो. थोड्या वेळाने विचारले, “तारा, तुला भीती वाटत नाही?”

“वाटती की! भ्या जाईल, मग चढवीन म्हनत बसले, तर टीव्ही व्हात कर्नाटकात जाईल.”

“जाऊ दे की,” महादेवीअक्का म्हणाल्या, “तिकडं माझा भाऊ हाय. बघून झाला की धाडंल परत.”

दोघी इतक्या हसल्या की शिडी हलू लागली. वरून मी ओरडलो. त्यावर त्या अधिकच हसल्या.

जेवताना, भरल्या वांग्यांपुढे, मी परतण्याविषयी विचारले. तारा सांगू लागली, “पाणी उतरंल तसा त्याच पान्यानं गाळ भाईर ढकलायचा. वाळला की दगड हुतोय. अन् पयल्या दिशी सगळ्या घरात शिरायचं न्हाय. निस्ता कट्टा धुवायचा, चा करायचा, कुलूप लावायचं. झोपायला ह्या अक्काकडं.”

“आणि वाळलाच असेल तर?”

महादेवीअक्कांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “मग बादल्या जास्ती लागतील, आण्णा. कितीची गाडी हाय उद्याची?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही त्या गाडीत होतो.

कुलूप मीच उघडले. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर सुमनची चहाची गाळणी होती, चोथा जाळीत घट्ट बसलेला. ताराने ती हातात घेतली, पुन्हा ठेवली आणि पाण्याचे भांडे माझ्याकडे सरकवले. मी गाळणी भिजत घातली. चोथा सुटायला वेळ लागला. तेवढ्यात त्या दोघींनी कट्टा धुतला. चहा मीच केला. साखर जास्त पडली. “पाक केलाय आण्णानं,” असे म्हणत तारा कप घेऊन भिंतीकडे वळली आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिली. मग कुलूप लावून त्या दोघी स्थानकाकडे गेल्या, मी उचगावला.

मनोबल वाढवता येते काय? येत असावे, असे आता वाटते. परंतु ते छातीत साठवण्याची वस्तू नव्हे. भीती असतानाच ट्रंक उचलावी लागते, आणि दुसरे टोक धरायला कुणीतरी लागते. सर्वांना हे लागू पडेल, असा माझा दावा नाही. घर तूर्त विकत नाही, इतकेच.

आता निनादने दिलेले दिवस दुरुस्त करतो.

कुरुंदवाडला प्रयाण: रविवारी नव्हे, मंगळवारी.

घरातला पहिला चहा: बुधवारी. त्या रात्री मी निनादकडेच झोपलो, हे त्याला तरी ठाऊक असायला हवे होते.

सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पहिली झोप: पुढच्या सोमवारी, तारा सोबतीला आली होती.

सोप्यात एकट्याने: त्यानंतरच्या शुक्रवारी. झोप लागली नाही, पण घर सोडले नाही.

सुमनची आणि माझी आतली खोली: दिवस अद्याप उगवलेला नाही. तो निनादने अंदाजाने लिहू नये.