निळा बिल्ला

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवतेय. वर्गात हिंदी, घरी मराठी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. मागच्या वर्षी राग फार आला.

शाळा सुरू होताच फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, हे दोन दिवस ऐकवलं. इथवर ठीक. पण आमच्या प्रिन्सिपल मॅडमना प्रत्येक गोष्टीची फाईल लागते. त्यांनी मुलांना बिल्लेच लावायचं ठरवलं! बघणाऱ्यांना पिवळा, ऐकणाऱ्यांना निळा, करणाऱ्यांना लाल. पन्नास पोरं, एक फळा, एक बाई आणि तीन रंग. मी म्हटलं, "मॅडम, एकच मूल सोमवारी बघून शिकतं नि मंगळवारी करून. त्याचं काय करू?" त्या म्हणाल्या, "फॉर्म भरवून घ्या."

पाचवीत पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. मी बोलायला लागले की माझ्या तोंडावरून तिची नजर हलायची नाही. इतकं लक्ष देणारी पोर वर्गात एखादीच. तिनं शेजारणीचं बघून फॉर्म भरला, तो मी नीट वाचलासुद्धा नाही. ही ऐकून शिकणारी नाही तर कोण? मीच माझ्या हातानं तिच्या फ्रॉकला निळा बिल्ला टोचला.

निळ्या गटासाठी मी अपूर्णांक मोबाइलवर बोलून ठेवले. कोपऱ्यात स्पीकर लावायचा, निळ्यांनी त्याच्याभोवती बसून ऐकायचं, वही काढायची नाही. तेवढ्यात मी लाल गटाबरोबर कागदाच्या पोळ्या कापत बसायची. दोन महिन्यांत ही पोर विसापैकी तेरावरून तीनवर आली.

एक दिवस तिची आई शाळेत आली. सहामाहीत नापास झाली तर नाव काढून तिला गावी काकांकडे पाठवायचं, असं बापानं ठरवलं होतं. गावात पाचवीपुढं शाळा नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "मैडम, कुछ कीजिए." मी काय केलं? तोच धडा पुन्हा रेकॉर्ड केला, आणखी सावकाश, आणखी गोड आवाजात. पोर ढिम्म.

शेवटी माझा तोल सुटला. धडा तिसऱ्यांदा वाजत होता आणि ही आपली नखं कुरतडत बसलेली. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं नि ओरडले, "बहरी है क्या?"

"जी मैडम," ती म्हणाली. हजेरी द्यावी तितक्या सहज.

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, कार्टी उलट उत्तर देतेय, म्हणून मी आणखी भडकले. मग तिनं उजव्या कानाला हात लावला. "इसमें बिल्कुल नहीं." मग डाव्या. "इसमें थोड़ा-सा."

मी तिची हनुवटी सोडली. पोर इतके दिवस माझे ओठ बघून शिकत होती, आणि मी तिला तोंड नसलेल्या डब्यासमोर नेऊन बसवलं होतं. पहिलीपासून एकाही बाईच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. लाज वाटली, अजून वाटते.

बिल्ला काढून मी तडक ऑफिसात गेले. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "फाईल वर गेलीय. रंग मार्चशिवाय बदलणार नाही. आणि बदलून लिहू तरी कोणता?"

"काळा लिहा, माझ्या नावापुढे!" मी मराठीत म्हटलं. त्यांना कळलं नाही, ते बरंच झालं.

पोरीला मी परत पहिल्या बाकावर आणलं. आईला तिचे कान तपासून घ्यायला कंपूतल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं यंत्रासाठी तारखांवर तारखा, आणि सहामाही अठरा दिवसांवर. मग मी कुठली नवी पद्धत काढली? डोंबलाची पद्धत! आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं, एवढंच. पण फळ्याशी बोलायची सवय बावीस वर्षांची. दिवसातून दहादा चुकायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे.

सहामाहीत तिला विसापैकी अकरा मिळाले. बापानं प्रगतिपुस्तकावर सही केली आणि गावाचा विषय थांबला. त्या दिवशी मी तिच्यासमोर बसून विचारलं, "अब समझ में आता है ना, मैं जो बोलती हूँ?"

तिनं मान हलवली. "पहले भी आता था समझ में, मैडम. जब आप डाँटती थीं."

"डाँटने पर ही क्यों?"

"तब आप पूरा मेरी तरफ़ देखती थीं."