पाव फेऱ्याचं काम

लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं मी नंदुरबारला एका कापसाच्या जिनात फिटर होतो. फिटर नावाला. इंजिनाला तेल घालायचं, तुटलेले पट्टे शिवायचे आणि म्हातारा इंजिन ड्रायव्हर डुलक्या घ्यायला लागला की त्याच्या जागी उभं राहायचं. दुसऱ्या वर्षी तो घरी बसणार होता आणि ती जागा मला हवी होती. लोहाराच्या पोरानं जिनाचं इंजिन चालवावं, यापेक्षा मोठं स्वप्न आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

शेठजी मारवाडातून आलेल्या घराण्यातले. त्यांच्या मुलानं मुंबईहून एक जुनी विलायती मोटरसायकल आणली होती. कधीकाळी शर्यतीत धावलेली, आता चढावर धापा टाकणारी. शहाद्याच्या दुसऱ्या जिनवाल्याच्या मुलाकडे कोरी करकरीत होती. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी गावच्या नाक्यापासून तापीच्या काठापर्यंत शर्यत लावायची, असं दोघांचं ठरलं. आपली गाडी पुढे काढून दे, मग इंजिनावर तूच, असं शेठच्या मुलानं मला सांगितलं. शेठजींनी मान डोलावली. मान डोलवायला पैसे पडत नाहीत, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

गाडी मी घरी आणली. दीड महिना जिनातून सुटलो की अंगणात तिच्यापुढे बसायचो. सिलिंडरखाली एक लोखंडी पट्टी होती, ती काढून टाकली, म्हणजे वरची जागा कमी होऊन गॅस जास्त दाबला जातो आणि धक्का जोरात बसतो. बांबूच्या कामटीला काचकागद गुंडाळून गॅस जायची आतली वाट घासून घासून गुळगुळीत केली. तेलाच्या जागी एरंडेल घातलं. साऱ्या गल्लीत तो वास भरला आणि बायका नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. या गाडीचं पोट साफ झालं की नाही, असं एक शेजारी रोज विचारायचा.

सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेड, त्याखाली बसणारी तांब्याची चकती मात्र बानं केली. माझा बाप ऐरणीवरचा माणूस, इंजिनातलं त्याला काही कळत नव्हतं, पण तांबं कळत होतं. त्यानं भात्यावर चकती लाल केली, पाण्यात टाकून मऊ केली आणि म्हणाला, एकदा तापलं की तांबं दबतं, मग नट ढिले पडतात, ते पुन्हा आवळायला विसरू नको. एवढं साधं होतं ते. चार नट, प्रत्येकाला पाव फेरा.

अष्टमीच्या संध्याकाळी मी गाडी तापेपर्यंत पळवून आणली. अशी पळाली की मला हसूच आवरेना. गार झाल्यावर सकाळी नट आवळू म्हणून झोपलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी उठून बघतो तो बानं घण, सांडशी, कानशी आणि माझे सगळे पाने धुऊन, तेल लावून देवापुढे मांडलेले. त्या दिवशी आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. तिकडे जिनातही शेठजींनी इंजिन बंद ठेवून त्याला झेंडूची माळ घातली होती. तिथं कुणी पाना उचलला असता तर शेठजींनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं असतं. मी बाला नटांचं सांगितलं. तो म्हणाला, "आज नही. सकायले पूजा उठनी का मंग आवय."

दसऱ्याला उजाडताच पूजा उठली. पाने मोकळे झाले. बा आपट्याची पानं आणायला गावाबाहेर गेला. दुपारपर्यंतचा सगळा वेळ माझा होता आणि तो मी कशात घालवला? टाकी पुसण्यात. हँडलला माळ बांधण्यात. अष्टमीला एवढी पळालेली गाडी, तिला काय धाड भरली आहे, असं मी मनाशी म्हणालो. शिवाय नवं धोतर नेसलो होतो. शेठची मंडळी येणार, त्यांच्यापुढे तेलकट हातांनी उभं राहायची मला लाज वाटली. आयुष्यभर तेलात हात असलेल्या माणसाच्या पोराला!

निम्म्या वाटेपर्यंत आमची गाडी पुढे होती. मी मागून शेठच्या मोटारीत होतो, मला दिसत होतं. मग तिचा आवाज फाटला, हेडखालून फुसफुस धूर यायला लागला आणि शहाद्याची गाडी धूळ उडवत निघून गेली. शेठच्या मुलानं उतरून मला विचारलं, नट आवळले नव्हतेस का?

मी म्हणालो, नवमी होती, बानं हत्यार उचलू दिलं नाही.

"एक पाना उचलता तं कोनता देव खाले उतरता?" तो म्हणाला, सगळ्यांसमोर. त्याच्या कपाळावर अजून पूजेचा टिळा होता.

घरी मी ते खापर बाच्याच डोक्यावर नीट फोडलं. इंजिनाचे नट ते थंड झाल्या झाल्या आवळावे लागतात, दुसऱ्या दिवशी आवळून उपयोग नसतो, असं मी बाला सांगितलं. धडधडीत खोटं. पण इंजिनातलं मला कळतं अशी त्याची समजूत होती. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण माझ्या बापाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी हातात घेऊन जिनाच्या गादीपुढे जाऊन उभा राहिला. मीही मागे होतो.

"पोऱ्यानी चूक नही, शेठ," तो म्हणाला. "हत्यारं मी मांडेल व्हतात. चूक मन्ही शे."

शेठजी गोड बोलले. सण पाळणाऱ्याला आपण दोष देत नाही म्हणाले, बाला बसायलाही सांगितलं. इंजिनावर पंधरा दिवसांत सुरतेकडचा माणूस आला. मी पट्टे शिवत राहिलो.

पुढच्या खंडेनवमीला बानं हत्यारं मांडली नाहीत. आईनं ताटात हळदकुंकू काढून ठेवलं, दोनदा आठवण केली. पोराच्या पोटावर पाय आला त्या पूजेनं, एवढंच तो म्हणाला आणि त्यानं भाता पेटवला. गल्लीतले लोक दारात येऊन बघू लागले. संध्याकाळपर्यंत तो घण घालत होता आणि मी समोर सांडशी धरून बसलो होतो, आणि तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही.