खात्री नसेल तर सोडून द्यायचं

आमच्या अभ्यासिकेत ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. त्यामुळे दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं संध्याकाळी खालच्या चहाच्या टपरीवर बाहेर पडतं. नाशिक रोडला लिपिक भरतीची तयारी करणारे आम्ही दहा-बारा जण. पुस्तकं तीच, किस्से मात्र रोज नवे!

त्यातले निम्मे भूषणदादाचे. हा सटाण्याचा, आमच्यात सगळ्यात थोरला. वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटची परीक्षा. यानंतर अर्जच भरता येणार नव्हता.

*

चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून दादाचा एकच मंत्र : “खात्री नसेल तर सोडून द्यायचं.” तो इतका अंगात मुरला की एकदा टपरीवाल्या मामांनी विचारलं, आज चहा कसा झालाय? दादानं दोन घोट घेतले, विचार केला, कप ठेवला आणि निघून गेला. मामा अजून विचारतात, त्याला आवडला होता का!

*

एकदा मी भडकले. फायली लावायच्या नोकरीसाठी आफ्रिकेतल्या नद्या कशाला पाठ करायच्या? ही पद्धतच बदलली पाहिजे, असं जिन्यात उभी राहून भाषण ठोकलं. टाळ्याही पडल्या.

दादा म्हणाला, “बदलू ना. आधी सांग, झांबेझी कुठल्या समुद्राला मिळते?”

मी प्रश्न सोडून दिला.

*

मधेच दादा त्र्यंबकला मुलगी बघायला गेला. मुलीच्या काकांच्या सगळ्या प्रश्नांना त्यानं फटाफट उत्तरं दिली. मग ती मुलगी, ऋतुजा, स्वतःच बोलली, “आणि नोकरी लागलीच नाही तर?”

दादाच्या वडिलांनी कोपर मारलं. तरी दादा म्हणाला, “खात्री नसलेला प्रश्न मी सोडतो.”

काका म्हणाले, निकाल लागला की बघू.

*

लेखी परीक्षेतून दादा पार झाला. राहिली टायपिंगची परीक्षा. दादा शिकला सटाण्यातल्या जुन्या टाइपरायटरवर. तिथे ओळ संपली की डाव्या हातानं वरचा दांडा उजवीकडे ढकलायचा. हाताची सवय जाते कुठे? प्रत्येक ओळीला दादाचा हात कॉम्प्युटरच्या स्क्रीनला, आणि स्क्रीन चार बोटं उजवीकडे! थोड्या वेळानं दादा मान वाकडी करून टाइप करत होता.

सुपरवायझर धावत आले. “अहो, स्क्रीन कुठे घेऊन चाललात?”

दादा थांबेना. शेवटी बिचारे स्वतःच वेळ संपेपर्यंत स्क्रीन धरून उभे राहिले. दादा पास!

*

निकालात नाव आलं तेव्हा दादाचे वडील फोनवर अहिराणीत एवढंच म्हणाले, “मना पोऱ्या साहेब व्हयना!” पोरगा साहेब झाला! आणि त्र्यंबकच्या काकांचा फोन त्याच संध्याकाळी आला.

या वेळी बहीण म्हणून मलाही नेलं. काका खुशीत होते. मुलगा सरकारी, आता अडचण कसली, सुपारी फोडू या, म्हणाले. माझ्या ओठांवर आलं होतं की माणूस तोच आहे, फक्त यादी लागलीय. पण दादाच म्हणाला, “माझं हो आहे. तिचं काय, ते तिला विचारा.”

सगळे ऋतुजाकडे बघायला लागले. तिनं पोह्यांचं पातेलं खाली ठेवलं आणि थेट दादाकडे बघितलं.

“खात्री नसलेला प्रश्न मी सोडते.”

काकांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. ऋतुजानं पातेलं पुन्हा उचललं आणि न विचारता दादाच्या बशीत आणखी पोहे वाढले.