बाटी म्हणजे भाकरी

आर्णी रोडवर बाबांची गाडी घसरली तेव्हा हेल्मेट आरशाला टांगलेलं होतं, नेहमीसारखं. डोक्यात रक्त साकळलं. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि खरंच झालं होतं. काही आठवड्यांत बाबा भिंतीला धरून चालायला लागले. फक्त बोलणं येईना.

पहिला शब्द आला तो ‘पाणी’. मला कोण आनंद! पाणी मराठीतही पाणी आणि आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतही पाणीच, त्यामुळे ते कुठल्या भाषेत मागताहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढे बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी भाकरीचं चित्र दाखवलं आणि बाबा म्हणाले, “बाटी.” बाईंनी नकारार्थी मान हलवली. पण ते चुकले नव्हते. आमच्या तांड्यावर भाकरीला बाटीच म्हणतात.

मग गोरबोली भडाभडा यायला लागली आणि मराठीचा पत्ताच नाही. कुणी मराठीत बोललेलंही त्यांना कळेना. माझी पंचाईत अशी, की बाटीच्या पुढे मला काही येत नाही. हे बाबांचंच काम. शाळेत त्यांच्या बोलण्याला पोरं हसायची, म्हणून लोहारा गावच्या कारखान्यात नोकरी लागून यवतमाळला घर केल्यावर त्यांनी कायदाच केला, घरात मराठीच. तांड्यावरचा एखादा शब्द माझ्या तोंडून निघाला की डोळे वटारायचे, “मराठीत बोल वं!” दारव्ह्याहून आत्या आली की ही बहीणभावंडं अंगणात हळू आवाजात आपल्या बोलीत बोलत बसायची. मी गेले की चोरी पकडल्यासारखी मराठीवर यायची. आता त्याचा राग येतो, आणि आजारी बापावर रागावले म्हणून वाईटही वाटतं.

दुपारी ते मला काहीतरी लांबलचक सांगायचे. हातवारे करायचे, मध्येच हसायचे. मीही हसायची. एकदा भलत्याच जागी हसले. ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी मला काही सांगितलं नाही.

मी आत्याला फोन लावला. “आत्या, मले तुमची बोली शिकव.”

“आता कायले? तुह्या बापानं तर मलेच तोंड बंद ठेवाले लावलतं,” आत्या म्हणाली. पण शिकवलं. ‘जेवलात का’, एवढंच वाक्य. भांडी घासताना मी ते घोकत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांजवळ बसून म्हणून दाखवलं. त्यांनी चमकून वर पाहिलं. ओठ हलले, कपाळाला आठी पडली.

“मराठीत बोल वं!” बाबा म्हणाले. अगदी स्वच्छ, जुन्याच आवाजात.

मला रडू फुटलं. मराठी परत आली होती! मी घाईघाईनं विचारलं, “बाबा, जेवले का?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.